पाण्याची बेगमी

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण मराठी मुलखात लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. दुरून पाहणाऱ्याला डोंगराची निळी रेषा दिसते, शिखरावरचे शुभ्र हिम दिसते आणि त्याचे मन प्रसन्न होते. परंतु त्या डोंगराच्या कुशीत जे गाव वसलेले असते, त्याच्या शेताला पाणी कोठून येते आणि ते पाणी एखाद्या वर्षी वेळेवर आले नाही तर त्या गावाने काय करावे, हे प्रश्न दुरून दिसत नाहीत. हिमालयातील हिम वितळत चालले आहे, ही वार्ता आता वृत्तपत्रांतून वारंवार वाचावयास मिळते. ती वाचून पुष्कळांना शिखरांच्या सौंदर्याची काळजी वाटते, तर काहींना सपाटीवरील मोठ्या नद्यांची. ही काळजी अयोग्य आहे असे नव्हे. पण या बदलाचा पहिला घाव ज्यांच्यावर पडतो, त्या डोंगरी माणसांचा विचार या सर्वांच्या आधी व्हावयास पाहिजे. तो नुसत्या दयाबुद्धीने करून भागणार नाही. त्यांच्या कष्टांचा व शहाणपणाचा मान राखूनच तो केला पाहिजे. लडाखचे उदाहरण घेतले म्हणजे हे म्हणणे स्पष्ट होईल.

लडाख हा आपल्या देशाच्या अगदी उत्तरेकडील प्रदेश होय. २०१९ साली तो केंद्रशासित प्रदेश झाला. त्याच्या दक्षिणेस हिमालयाच्या रांगा उभ्या असून उत्तरेस काराकोरमचे अजस्र पर्वत आहेत. त्याचे प्रमुख नगर लेह हे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर वसले आहे. मोसमी वाऱ्यांनी आणलेले ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. पलीकडे लडाखात पोहोचतो तो बहुधा कोरडा वारा. लेह येथे पाऊस व हिम मिळून वर्षाकाठी सरासरी केवळ १०० मिलिमीटरांच्या आसपास पाणी पडते. महाबळेश्वरी एवढा पाऊस ऐन पावसाळ्यात एका दिवसातही पडून जातो! लडाखमधून सिंधू नदी वाहते हे खरे. परंतु ती खोल दरीतून जात असल्यामुळे उंचावरील बहुतेक शेतांना तिचा उपयोग होत नाही. गावे वसली आहेत ती बाजूच्या लहान लहान ओढ्यांच्या काठी, आणि त्या ओढ्यांचा उगम होतो तो पाच हजार मीटरांहून उंच असलेल्या हिमात व हिमनद्यांत. वर्षानुवर्षे साचून घट्ट झालेला आणि स्वतःच्या भाराने उतारावरून अतिशय मंद गतीने सरकणारा बर्फाचा प्रचंड थर म्हणजे हिमनदी. इतर गावांच्या विहिरी जमिनीत असतात. लडाखी गावाची विहीर पर्वताच्या माथ्यावर आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या प्रदेशात बहुतेक ठिकाणी वर्षातून एकच पीक निघते. सातू, गहू व वाटाणा ही तेथील मुख्य पिके, आणि जर्दाळू हे तेथील आवडते फळ. भाजलेल्या सातूचे पीठ हा लडाखी माणसाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार आहे. पेरणी एप्रिल-मे महिन्यांत उरकावी लागते. कारण त्यानंतर पेरलेले पीक थंडीपूर्वी हाती येईलच असा भरवसा नसतो. पण उंचावरच्या हिमनद्या चांगल्या पाझरू लागतात त्या जून महिन्यात. पेरणीची वेळ आणि पाण्याची वेळ यांत अशी कित्येक आठवड्यांची तफावत पडते. खालच्या उतारांवर हिवाळ्यात पडलेले हिम वसंत ऋतूत आधी वितळे आणि ही तफावत कशीबशी भरून काढी. तेवढ्या पाण्याच्या आधारावर लडाखी शेतकऱ्याने शतकानुशतके शेती केली.

पाणी थोडे असले म्हणजे दोनच गोष्टी संभवतात: तंटा किंवा शिस्त. लडाखच्या गावांनी शिस्तीचा मार्ग पत्करला. प्रत्येक गाव पाणी वाटण्यासाठी आपल्यातूनच एक माणूस नेमते. त्यास 'चुरपोन' म्हणतात. कोणाच्या शेताला कोणत्या दिवशी व किती वेळ पाणी द्यावयाचे, हे तो ठरलेल्या रीतीप्रमाणे पाहतो. अनेक ठिकाणी हे काम घराघरांकडे पाळीपाळीने जाते, त्यामुळे आज पाणी घेणारा उद्या पाणी देणारा होतो. रात्री वाहून जाणारे पाणी लहानशा तळ्यात अडवून ठेवावयाचे आणि दिवसा शेताला सोडावयाचे, ही युक्तीही तेथे फार जुनी आहे. महाराष्ट्रातील वाचकांना यात अपरिचित असे काही वाटू नये. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर कित्येक शतकांपासून चालत आलेली फड पद्धत याच जातीची आहे. तेथे बंधाऱ्याचे पाणी गावाच्या संमतीने वाटले जाते आणि पाटकरी ते शेताशेताला देतो. सह्याद्रीपलीकडचा पाटकरी आणि हिमालयापलीकडचा चुरपोन यांनी एकमेकांस कधी पाहिले नाही. पण पाणी ही सर्वांची ठेव आहे, हा धडा दोघांनीही गिरवला आहे.

ही घडी आता विस्कटू लागली आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल यांसारखी इंधने जाळल्यामुळे हवेत कर्बवायूचे प्रमाण वाढते आणि तो वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. त्यामुळे साऱ्या जगाचे उष्णतामान वाढत आहे, आणि उंच पर्वतांवर ही वाढ पुष्कळ ठिकाणी सपाटीपेक्षाही अधिक आहे. त्यातच चुली, वीटभट्ट्या व डिझेलची वाहने यांतून निघालेली काजळी वाऱ्याबरोबर जाऊन हिमावर बसते. शुभ्र हिम सूर्याचा प्रकाश परत फेकते; काजळलेले हिम तो शोषून घेते व लवकर वितळते. सर्वच हिमनद्या सारख्या वेगाने घटत आहेत असे नाही. काराकोरममधील काही हिमनद्या दीर्घकाळ बऱ्याचशा स्थिर राहिल्या. तथापि हिमालयाचे एकंदर चित्र चिंताजनक आहे. काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय पर्वत विकास संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, जगाची उष्णतावाढ दीड अंशावर रोखली तरीही हिंदुकुश-हिमालय भागातील हिमनद्यांचा सुमारे एकतृतीयांश बर्फ या शतकाच्या अखेरीपर्यंत नाहीसा होईल. याच संस्थेच्या २०२३ सालच्या अहवालात असे दाखवून दिले आहे की, २०११ ते २०२० या दशकात तेथील बर्फ आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के अधिक वेगाने घटला.

बर्फ अधिक वितळला तर पाणी अधिक मिळेल, मग चिंता कसली, असे कोणी विचारील. याचे उत्तर सावकारीच्या साध्या हिशेबात आहे. हिमनदी ही मुद्दल आहे आणि तिच्यातून दर उन्हाळ्यात पाझरणारे पाणी हे व्याज. हिवाळ्यात पडणारे हिम ती मुद्दल पुन्हा भरून काढीत असते. परंतु जो गृहस्थ व्याजाबरोबर मुद्दलही खर्चू लागतो, तो काही वर्षे श्रीमंत भासतो आणि नंतर अकस्मात कंगाल होतो. हिमनद्यांचे नेमके असेच आहे. आज काही ओढ्यांना भर उन्हाळ्यात पूर येत असला, तरी ते मुद्दल संपत चालल्याचे लक्षण असू शकते.

या बदलाचे परिणाम लडाखला आधीच भोगावे लागत आहेत. झंस्कार भागात कुमिक नावाचे एक पुरातन गाव आहे. त्याच्या वरच्या उतारावरील हिम घटत गेले, ओढा आटला आणि सातूची शेते तहानली. अखेर या शतकाच्या आरंभी गावकऱ्यांनी खाली नदीजवळच्या ओसाड माळावर जाऊन नवे गाव वसविण्याचा निर्णय घेतला व त्यासाठी स्वतःच्या हातांनी कालवा खणावयास घेतला. आपल्या पूर्वजांनी बांधलेले घर पाण्यावाचून सोडावे लागणे यापरते दुःख शेतकऱ्यास दुसरे कोणते असेल? दुसरीकडे, जेथे पाऊस दुर्मीळ तेथेच तो कधी अनावर होऊन कोसळतो. २०१० सालच्या ऑगस्ट महिन्यात ५ तारखेच्या रात्री लेहच्या परिसरात ढगफुटी झाली. कोरड्या हवेसाठी बांधलेली मातीची धाब्याची घरे चिखलाच्या लोंढ्यापुढे टिकली नाहीत आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. पूर्वेकडील चांगथांगच्या पठारावर चांगपा नावाचे मेंढपाळ पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्या पाळतात. जगभर मिरवणाऱ्या मऊ शालींचा आरंभ या शेळ्यांच्या अंगावर होतो. २०१३ सालच्या हिवाळ्यात तेथे इतके हिम पडले की गवत त्याखाली गाडले गेले आणि हजारो शेळ्या व करडे उपाशी मेली. अशा एखाद्या संकटाचे सारे खापर उष्णतावाढीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. पण कोठे हिमाचा दुष्काळ, कोठे त्याचा अतिरेक, असा लहरीपणा वाढला म्हणजे ऋतूंच्या भरवशावर बांधलेले जीवन कोलमडते, एवढे निश्चित.

आता न्यायाचा प्रश्न येतो. या उष्णतावाढीस कारण कोण? ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेणाच्या गोवऱ्या जळत आल्या, जो याकवर ओझे लादून पायी डोंगर ओलांडीत आला, त्या लडाखी शेतकऱ्याचा यातील वाटा अगदीच नगण्य आहे. मोठा वाटा आहे तो जगातील श्रीमंत देशांचा, कारखान्यांचा, मोटारींचा व विजेच्या उधळपट्टीचा. एकाने धूर करावा आणि दुसऱ्याच्या घरचे पाणी आटावे, हा व्यवहार कोणत्याही धर्मात वा नीतीत बसणारा नाही.

तरीसुद्धा लडाखी माणूस केवळ न्यायाची वाट पाहत बसलेला नाही, आणि येथेच त्याची खरी थोरवी दिसून येते. चेवांग नॉरफेल हे तेथील ग्रामविकास खात्यात अभियंता होते. एक साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. हिवाळ्यात शेतात पीक नसते, त्यामुळे ओढ्याचे पाणी कोणाच्याही उपयोगी न पडता वाहून जाते. वेगाने धावणारे पाणी गोठत नाही; परंतु तेच पाणी सावलीत, उथळ आणि संथ झाले की त्याचा बर्फ होतो. मग ते पाणी पाटाने डोंगराच्या सावलीतील बाजूस वळवावे, उतारावर दगडांचे बुटके बांध घालून त्यामागे थबकवावे आणि थरावर थर गोठू द्यावा, असा विचार त्यांनी केला. १९८७ साली फुकत्से या गावी त्यांनी असा पहिला कृत्रिम हिमसाठा तयार केला. हा साठा मूळ हिमनदीपेक्षा पुष्कळ खाली, गावाच्या जवळ असल्यामुळे वसंताच्या आरंभीच वितळू लागतो आणि पेरणीच्या नेमक्या वेळी शेतात पाणी पोहोचते. पुढे अनेक गावांत त्यांनी असे साठे उभारले. २०१५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. दगड गावचे, श्रम गावचे आणि थंडी निसर्गाची! या कामाला ना अवाढव्य यंत्रे लागली, ना परदेशी तज्ज्ञ.

याच विचाराला पुढे सोनम वांगचुक या अभियंत्याने व त्यांच्या विद्यार्थ्यांनी वेगळे रूप दिले. उंचावरून नळाने आणलेले पाणी खालच्या टोकास आपोआप जोराने उसळते, कारण पाणी आपली पातळी शोधते. कडाक्याच्या थंडीत ते कारंज्यासारखे उडविले की खाली पडता पडता गोठते आणि बर्फाचा उंच सुळका तयार होतो. सपाट पसरलेल्या बर्फापेक्षा अशा सुळक्याचा कमी भाग उन्हाला सामोरा येतो, म्हणून तो सावकाश वितळतो. बौद्ध स्तूपासारखा आकार असल्यामुळे त्याला 'हिमस्तूप' हे नाव मिळाले. २०१३-१४ च्या हिवाळ्यात त्याचा पहिला लहान प्रयोग झाला. पुढच्या हिवाळ्यात फ्यांग गावाजवळ लोकवर्गणीतून मोठा स्तूप उभा राहिला आणि त्याच्या पाण्यावर माळरानात लावलेली रोपटी जगली. पाणी चढविण्यास येथे विजेचा पंपही लागत नाही. शाळेत शिकलेला शास्त्राचा नियम गावाच्या कामी कसा आणावा, याचे याहून सुंदर उदाहरण क्वचितच सापडेल.

महाराष्ट्रातील गृहिणी पावसाळ्यापूर्वी घरात धान्य, लाकूडफाटा, पापड-सांडगे यांची बेगमी करून ठेवते. लडाखच्या शेतकऱ्याने केली ती पाण्याची बेगमी. मात्र बेगमी करणाऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते: कोठी भरून ठेवता येते, पण कोठीत धान्य पिकत नाही. कृत्रिम हिमसाठा नवे पाणी निर्माण करीत नाही. तो पाण्याची वेळ तेवढी बदलतो. ज्या ओढ्याचे पाणी हिवाळ्यात वळवावयाचे, त्याचा उगमच नाहीसा झाला तर बांध कोरडे पडतील आणि नळही. शिवाय हे काम एकदा करून संपत नाही. काही ठिकाणी पुराने बांध फोडले, काही ठिकाणी नळात पाणी गोठून बसले, तर काही ठिकाणी तरुण मंडळी शहरात गेल्यामुळे डागडुजीला हात उरले नाहीत. म्हणून लडाखी लोकांनी उपाय शोधला आहे, आता इतरांनी निर्धास्त व्हावे, असा अर्थ यातून कोणी काढील तर तो आत्मवंचना करील.

काही विचारी माणसे असे म्हणतात की, इतक्या कष्टाच्या जागी माणसांनी राहावेच कशाला? त्यांना खाली शहरात आणावे, नोकरी द्यावी, म्हणजे प्रश्न मिटला. हे म्हणणे वरवर पाहता दयाळू वाटते. परंतु त्यात मोठा दोष आहे. कोणी स्वेच्छेने शहरात जाऊ इच्छीत असेल तर त्याचा मार्ग कोणी अडवू नये. शिक्षणाची, औषधोपचाराची, सुखाची इच्छा डोंगरातील मुलांनाही असते. पण स्वेच्छेने जाणे वेगळे आणि पाणी आटले म्हणून हाकलले जाणे वेगळे. गाव ओस पडते तेव्हा केवळ घरे रिकामी होत नाहीत. पाट गाळाने भरतात, उतारावरील शेतांचे बांध ढासळतात, आणि कोणत्या ओढ्याचे पाणी केव्हा येते, कोणते बियाणे थंडीत तग धरते, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही लोपते. ते कोणत्याही ग्रंथालयातून परत आणता येत नाही.

म्हणून डोंगरी लोकांना करावयाचे साहाय्य त्यांना त्यांच्या भूमीत सन्मानाने उभे राहता येईल असे असावे. त्यांच्या प्रदेशात रस्ता काढावयाचा, धरण बांधावयाचे वा पथिकाश्रमांना परवानगी द्यावयाची, तर त्याचा विचार ठरण्यापूर्वी गावाचे मत घेतले पाहिजे. लेह येथे उन्हाळ्यात प्रवाशांची रीघ लागते. त्यामुळे अनेकांना रोजगार मिळतो, ही चांगली गोष्ट आहे. पण प्रवाशांच्या स्नानासाठी कूपनलिका खोल खोल जात आहेत, आणि जेथे पूर्वी पाण्यावाचून चालणाऱ्या शौचकूपांतून शेताला खत मिळे, तेथे आता शुद्ध पाणी मैला वाहून नेण्यात खर्ची पडते. पाहुण्याने यजमानाच्या घरचा रांजण रिता करावा, हे कोणत्याही पाहुण्यास शोभत नाही.

डोंगर आणि सपाटी यांचे नाते एकाने द्यावे व दुसऱ्याने घ्यावे असे फार काळ चालले. हिंदुकुश-हिमालयाच्या डोंगराळ भागात सुमारे २४ कोटी लोक राहतात, आणि तेथून निघणाऱ्या नद्यांच्या खोऱ्यांत सुमारे १६५ कोटी लोकांची वस्ती आहे. तेव्हा डोंगरावरील हिमाचे रक्षण हा परोपकार नसून स्वतःचे घर सांभाळणे आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष हिमनद्यांच्या संरक्षणासाठी वाहिले आणि २१ मार्च हा हिमनद्यांचा जागतिक दिन ठरविला. असे दिन साजरे होतात ते योग्यच आहे. पण भाषणांनी बर्फ साठत नाही. धूर कमी करणे, वीज व इंधन जपून वापरणे, सूर्य व वारा यांच्या शक्तीचा उपयोग वाढविणे, आणि ज्या राष्ट्रांनी अधिक धूर केला त्यांनी अधिक भार उचलणे, या गोष्टी प्रत्यक्ष घडल्या पाहिजेत. फुकत्सेच्या शेतकऱ्यांनी कडाक्याच्या थंडीत दगडावर दगड रचून आपल्या वाट्याचे काम केले आहे. उरलेले काम त्यांच्या हातांतले नाही. ते खाली, सपाटीवर राहणाऱ्यांनी करावयाचे आहे.